स्पिरिटाला न जुमानणारा

त्या काचघरात सुनेचं राज्य होतं, आणि राज्य म्हणजे अगदी कडक राज्य. दारात स्पिरिटची बाटली टांगलेली. हातावर घेतल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. आत टेबलावर स्पिरिटची बरणी; चाकू एका रोपाला लागला की बरणीत बुडवायचा, झटकायचा, मगच पुढच्या रोपाला लावायचा. कुणी विसरलं की ती कुठूनही बघायची. पाठीला डोळे असावेत तशी. कामावरच्या बायका तिला मागून स्पिरिटबाई म्हणायच्या. ते तिच्या कानावर गेलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडलंही होतं. नवरा रोपांची गाडी घेऊन कायम रस्त्यावर. मागे एवढा पसारा सांभाळायचा तर माणसाला थोडं वाईट व्हावंच लागतं.

या राज्यात कायद्याबाहेर फक्त एक माणूस होता, तो म्हणजे तिचे सासरे. म्हाताऱ्यांना कोण सांगणार? मागच्या कप्प्यात त्यांची स्वतःची टोमॅटोची ओळ होती. सकाळी उठले की चहाच्या आधी तिथे. दारापासून सुरुवात करायची, प्रत्येक झाडाच्या बगलेत फुटलेला कोवळा कोंब दोन नखांत धरून खुडायचा, आणि भिंतीपर्यंत जायचं. सून म्हणायची, "बाबा, चाकू घ्या ना, बुडवून देते."

"चाकूला काय कळतंय कोवळं कुठलं नि जून कुठलं? सरक बाजूला."

सून सरकायची. भांडून उपयोग नव्हता, आणि त्या ओळीपुढे तिचंही तोंड बंद व्हायचं. त्याला कारण होतं. सासूबाईंना टोमॅटो म्हणजे जीव की प्राण, आणि आंबट तोंडात गेलं की जीभ नुसती सोलून निघायची. लग्न नवं असताना त्या एकदा रागाने म्हणाल्या होत्या, एवढी झाडं लावता, मला खाता येईल असं एक तरी लावा. झालं! या गृहस्थाने ते मनावर घेतलं. याचा पराग त्याला, त्याचा याला, चाखायचं, थुंकायचं, पुन्हा लावायचं. अर्धं आयुष्य गेलं त्यात. आणि जेव्हा आंबटपणाचा लवलेश नसलेलं, लाल, भरदार फळ हाती आलं, तेव्हा खायला सासूबाई राहिल्या नव्हत्या. त्याचं बी जगात दुसऱ्या कुणाकडेही नव्हतं. घरातल्या डब्यातलंही ओल लागून बुरसटलं होतं. त्यातून जे काही उगवलं, ती ही ओळ. जगभरचं बियाणं गोठवून जपणारी एक संस्था या टोमॅटोचं बी ठेवून घ्यायला तयार झाली होती. अट एकच, बी निरोगी हवं. म्हातारे त्या दिवसापासून जरा जास्तच ताठ चालायला लागले होते.

तर अशा त्या ओळीत, एका सकाळी, खालची पानं काढता काढता सुनेचा चाकू हवेतच थांबला.

पान हिरवं होतं, पण एकसारखं हिरवं नव्हतं. गडद हिरवा ठिपका, शेजारी फिकट, पुन्हा गडद. तिने पान उजेडाकडे धरलं. कुठे फुगलेलं, कुठे सुरकुतलेलं. तिने शेंड्याकडे पाहिलं तर नवी पानं रुंद व्हायच्या ऐवजी सुतासारखी बारीक निघालेली. तिने शेजारचं झाड पाहिलं. मग त्याच्या शेजारचं. दाराजवळची झाडं सगळ्यात वाईट, भिंतीकडची जरा बरी, पण सुटलेलं एकही नाही. बाहेरच्या कप्प्यातले बाजारचे टोमॅटो मात्र ठणठणीत. असं कसं? तिच्या राज्यात? जिथे स्पिरिटशिवाय माशीसुद्धा फिरकत नव्हती तिथे?

म्हातारे बाहेर पायरीवर बसून कागदात तंबाखू वळत होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, सुनेने हजारदा हिसकावून घेतलं होतं, पण पिशवी कुठून निघायची देव जाणे. जाता जाता तिने त्यांच्या हातातली वळलेली सिगारेट काढून घेतली आणि नेहमीसारखी ॲप्रनच्या खिशात कोंबली.

"अगं ए! सकाळची पहिली आहे ती!"

"शेवटचीपण तीच," ती म्हणाली, आणि न थांबता गाडीकडे निघाली. तिच्या हातातल्या पिशवीत रोगट पान होतं. थांबली असती तर तिच्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं असतं.

नणंद शहरात विषाणूंच्या संस्थेत होती. दिवसभर एका अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपसमोर बसणं हे तिचं काम. दोघींचं चांगलं जमायचं, म्हणजे एकमेकींना टोचून बोलण्याइतकं. सुनेला वाटलं होतं मायक्रोस्कोप म्हणजे एक डोळा मिटून बघायचं नळकांडं असेल. हा तर माणसाहून उंच खांब निघाला, आणि बाजूला पडदा.

"ॲप्रनवरच आलीस?" नणंद म्हणाली. "माझ्या ऑफिसात काय म्हणतील?"

"म्हणतील भाजीवाली आली. वन्सं, आधी हे बघ."

नणंदेने पानाचा बारीक तुकडा कुठल्याशा थेंबात चिरडला, ते पाणी मसुराच्या दाण्याएवढ्या तांब्याच्या जाळीवर घेतलं, टिपलं, वाळवलं आणि जाळी त्या खांबाच्या पोटात सारली. पडद्यावर आधी नुसतं करडं धुकं आलं. तिने एक चकती फिरवली. धुक्यातून काड्या निघाल्या. सरळ, ताठ, सगळ्या एका जाडीच्या. कुणीतरी काडेपेटी उपडी करावी तशा एकमेकींवर पडलेल्या. नणंदेने जाळी सरकवली. तिथेही काड्या. पुन्हा सरकवली. जिथे बघावं तिथे काड्याच.

सुनेने खुर्चीच्या पाठीवर हात टेकून पडद्याकडे वाकून बघितलं.

"काय आहेत हे? जंतू?"

"जंतू नव्हेत गं. जंतूचं स्वतःचं घर असतं, स्वतःची चूल असते, तो खातो-पितो. हा व्हायरस. याला घर नाही, चूल नाही, काही नाही."

"मग आहे तरी काय?"

"एक धागा. त्यावर एवढंच लिहिलेलं असतं की मला परत परत बनवा. आणि धाग्याभोवती प्रथिनाचं कवच. संपलं. तसाच पडून राहिला तर दगडासारखा पडून राहील. पण पेशीत शिरला की तिच्याच चुलीवर, तिच्याच पिठामिठाने स्वतःच्या हजारो नकला करून घेतो. बिचारी पेशी राबते, आणि हा वाढतो."

"तुझा कुणी नातेवाईक असल्यासारखं कौतुकाने बोलू नकोस."

"आम्ही कुळ लावतोच यांचं," नणंद म्हणाली, पण हसली नाही. "लोक आधी विचारतात, माणसाला होतो की झाडाला? आम्ही ते मागून बघतो. आधी धागा कुठला ते. डीएनए की आरएनए? एकपदरी की दुपदरी? याचा आरएनए, एकपदरी. मग कवच कसं ते. काहींचं वीस बाजूंचं असतं, जवळजवळ चेंडूसारखं. काहींना डोकं आणि शेपूट. याचं बघ, एकाच आकाराचे तुकडे गोल जिन्यासारखे धाग्याभोवती चढत गेलेत, म्हणून काडी. आणि मग बघायचं, कवचावर आणखी एक कोट आहे का."

"कोट?"

"चरबीचा. काही व्हायरस पेशीतून बाहेर पडताना तिच्याच अंगाचा पापुद्रा ओढून घेतात आणि पांघरतात. फ्लूचा तसला. कोरोनाचा तसला."

"आणि हा?"

"हा नागडा."

सुनेला एवढ्या धास्तीतही हसू फुटलं. "बरं झालं. नागडा म्हणजे मारायला सोपा."

नणंदेने खुर्ची तिच्याकडे वळवली. "उलटं आहे, वहिनी. स्पिरिट काय करतं? तो चरबीचा कोट विरघळवून टाकतं. कोट गेला की कोटवाल्याचा खेळ खलास. ज्याच्या अंगावर कोटच नाही, त्याचं स्पिरिट काय काढून घेणार? सगळेच नागडे इतके निगरगट्ट नसतात, पण हा मुलखाचा चिवट आहे."

"म्हणजे माझी बरणी..."

"तुझ्या बरणीत तो आंघोळ करतो आणि चाकूवर बसून पुढच्या झाडावर जातो."

सून उभी होती ती बसली. खालची पानं कोण काढत होतं? तीच. दर आठवड्याला, चाकूने, न चुकता, पहिल्या झाडापासून शेवटच्यापर्यंत. प्रत्येक झाडानंतर मन लावून बुडवायची, झटकायची, आणि स्वतःच्या हाताने रोग पुढच्या झाडाला भरवायची. कामावरच्या एखादीने आळस केला असता, चाकू बाजूला ठेवला असता, तर दोन झाडं तरी वाचली असती. एवढी वर्षं सगळ्यांचा जीव खाल्ला स्पिरिट स्पिरिट करून!

"पण बाहेरच्या कप्प्यातही मीच चाकू चालवते," ती म्हणाली. "ती झाडं धडधाकट आहेत."

"बाजारच्या वाणात याला तोंड द्यायची ताकद मुद्दाम घातलेली असते. बाबांच्या टोमॅटोत नाही. बाबांनी फक्त चवीकडे बघितलं." तिने पडद्याकडे बोट केलं. "पसरवला तू, ते झालं. पण आणला कुणी? सुरुवात कुठून आहे?"

"दाराकडून."

"दाराकडून रोज पहिला हात कुणाचा लागतो?"

सुनेचा हात आपोआप ॲप्रनच्या खिशाकडे गेला होता आणि तिथेच थिजला होता. नणंदेने ते पाहिलं आणि हात पुढे केला. सुनेने ती चुरगळलेली सिगारेट काढून दिली.

"याचं नाव काय माहितेय का?" नणंद तंबाखूची चिमूट थेंबात कालवत म्हणाली. "टोबॅको मोझॅक. तंबाखूच्या पिकावर पहिल्यांदा सापडला. रोगट पान सुकवा, चिरा, पिशवीत भरा, हा आत जसाच्या तसा. वर्षानुवर्षं. सगळ्या तंबाखूत असतोच असं नाही. बघू या."

बघितलं. पानात होता तेवढा दाट नव्हता. पण धुक्यातून आधी एक काडी आली, मग दोन, मग एका कोपऱ्यात जुडीच. तशाच सरळ, तशाच ताठ.

दोघीजणी त्या पडद्याकडे बघत राहिल्या. ज्या बोटांनी तो टोमॅटो घडवला, त्याच बोटांनी रोज सकाळी, नखांनी ताजी जखम करून, लाडाने झाडाझाडात हे सोडलं होतं. काय हा प्रकार! एखाद्या वैऱ्याने केलं असतं तर त्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या.

"काही वाचेल का?" तिने शेवटी विचारलं.

"झाडं नाहीत. मुळासकट उपटून जाळ. बी वाचेल. हा बीच्या सालीवर बसतो, आतल्या कोंबात सहसा शिरत नाही. पिकलेल्या फळांचं बी काढ, मी एक पूड देते, तिच्या पाण्यात भिजव आणि खळखळून धू. आणि काम करताना हात दुधात बुडवायचे."

"कशात?"

"दुधात. पावडरीचं दाट दूध करून. दुधातली प्रथिनं याला धरून ठेवतात."

"स्पिरिटने होत नाही ते दुधाने?" सून जवळजवळ ओरडली. "माझी थट्टा करतेस का?"

"वहिनी, माझं तोंड थट्टेचं दिसतंय का? आणि नीट ऐक. धुतलेल्या बीला तंबाखूचा हात पुन्हा लागला तर केलं-सवरलं पाण्यात. परत धुवावं लागेल, आणि ते नाजूक बी दोनदा नाही सोसणार. बरंचसं मरेल. त्यामुळे बाबांना सांगावंच लागेल."

"मी सांगते ना. स्पिरिटामुळे झालं म्हणून सांगते."

"अर्धंच?"

"ते अर्धंही खरंच आहे ना? मग! माझ्या चाकूने पसरलं म्हटलं तर ते मला शिव्या देतील, चार दिवस बोलणार नाहीत, आणि जगतील. त्यांच्या हाताने आलं म्हटलं तर..." तिने पडद्याकडे पाठ केली. "तूच सांग, जाशील का तू त्यांच्यासमोर हे बोलायला?"

नणंदेने मान खाली घातली. जाणार नव्हती. लेकीही अशा वेळी सुनेलाच पुढे करतात.

म्हाताऱ्यांनी उभ्यानेच ऐकलं. मोझॅक, जाळावं लागेल, एवढे शब्द गेले आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी भिंतीला हात टेकला. सून घाईघाईने पुढे बोलत गेली, चूक माझी, मला वाटत होतं स्पिरिटाने मरतो, पण हा नागडा असतो, याला कोट नसतो, माझाच चाकू...

"मी सांगत नव्हतो?" ते एकदम कडाडले. कामावरच्या बायका दचकून दारात आल्या. "सांगत नव्हतो, चाकू लावू नकोस माझ्या झाडांना? मोठी आली शहाणी! बरण्या मांडल्यात! मी आयुष्यभर हाताने केलं, हाताने! कधी काही झालं होतं? तू वाटोळं केलंस! त्या बाईचं एवढं एकच राहिलं होतं या घरात, तेही तू..."

एवढा मोठा माणूस ओठ चावून उभा राहिला, आणि डोळ्यांतून पाणी गालावर आलं ते पुसायचंही भान नाही. सुनेने त्यांना आजवर रडताना पाहिलं नव्हतं. सासूबाई गेल्या तेव्हाही नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. कुठेतरी तिला बरंसुद्धा वाटत होतं. बोलू दे. माझ्यावर चिडण्यात निभावतंय तर निभावू दे.

दुपारी आग लावली. ओली झाडं लवकर पेटेनात, नुसता धूर. म्हातारे घरात गेले ते दार लावून बसले. सून आणि दोघी बायका दुधाने बरबटलेल्या हातांनी झाडं उपटत होत्या. स्पिरिटची बरणी कुणीतरी टेबलाखाली सारून ठेवली होती. सुनेला ते दिसलं आणि तोंडात मारल्यासारखं झालं.

पिकलेली फळं तिने आधीच काढून घेतली होती. तिसऱ्या दिवशी पॅकिंगची खोली धुऊन, टेबल धुऊन, नवा कोरा टॉवेल अंथरून ती बसली. गर पिळला, बी वेगळं केलं, पूड घातलेल्या पाण्यात घड्याळ लावून भिजवलं. मग नळाखाली धुतलं, चाळणीत घेतलं, पुन्हा धुतलं, पुन्हा पुन्हा धुतलं. शेवटी पांढऱ्या वाटीत स्वच्छ पाण्यात बी तरंगायला घातलं. पोकळ वर येईल, भरीव तळाशी बसेल. बसलं, चांगलं बसलं. वाटीचा तळ झाकेल एवढं भरीव बी होतं. दोन दिवसांत पहिल्यांदाच तिने छाती भरून श्वास घेतला. टिपकागद आणायला ती मागच्या कपाटाकडे वळली. कपाटाचं दार जरा अडकत होतं.

मागे पाणी हललं.

ती वळली. म्हातारे टेबलाशी उभे होते. अंगाला नुकत्याच ओढलेल्या धुराचा वास येत होता. उजव्या हाताची बोटं वाटीत, पेरापर्यंत पाण्यात, आणि ते अंगठ्याखाली एकेक बी हलकेच फिरवून बघत होते, आयुष्यभर बघत आले तसं.

"भरलेलं आहे गं," ते म्हणाले. आवाज अगदी मऊ होता. "चांगलं काढलंयस. मी तुला फार बोललो परवा. माणूस रागात काय वाट्टेल ते बोलतं. तू मनावर..."

"हात काढा!"

ती किंचाळली. स्वतःचाच आवाज तिला ओळखू आला नाही. म्हाताऱ्यांनी चटका बसल्यासारखा हात ओढला. पाणी टॉवेलवर सांडलं.

"अगं, काय झालं? मी काय केलं?"

"हात... बाबा, तुमचे हात..."

"हातांना काय झालंय? मी त्या झाडांना शिवलोसुद्धा नाही परवापासून. विचार कुणालाही. घरात बसून होतो."

काय सांगणार होती ती? अजूनही काही बनवून सांगता आलं असतं. दचकले म्हणाली असती, ओल्याला हात नको म्हणाली असती. आणि मग उद्या ते पुन्हा आले असते. परवा पुन्हा. पेरताना, रोप लावताना, पहिला कोंब खुडताना. आणि हे बी असंच त्या बियाणं जपणाऱ्या संस्थेकडे गेलं असतं. तिने टेबलाची कड धरली.

"तंबाखूत असतो तो, बाबा," ती म्हणाली. "तुमच्या तंबाखूत. वन्संनी बघितलं, मीही बघितलं. माझ्या चाकूने पसरला हे खरं. पण आला तो तिथून. सकाळी तुम्ही आधी सिगारेट वळता, मग आत जाता."

म्हातारे तिच्याकडे बघत राहिले. समजलं नाही असं आधी वाटलं. मग त्यांची नजर सावकाश स्वतःच्या बोटांवर गेली. पहिली दोन बोटं, नखांपर्यंत पिवळी. त्यांतून अजून पाणी ठिबकत होतं. त्यांनी हात पालथे केले, सुलटे केले. सुनेला वाटलं आता हे पडणार, म्हणून ती पुढे झाली, तसे ते झटकन मागे सरले.

"शिवू नकोस मला," ते म्हणाले.

"बाबा, तुम्हाला कुठे माहीत होतं? मला स्पिरिटाचं माहीत नव्हतं, तसं तुम्हाला..."

"परत धुतलं तर?"

"अं?"

"ते बी. परत धुतलं तर?"

"व्हायरस जाईल."

"आणि बी?"

तिला रडू फुटलं. "निम्मं मरेल. जास्तही मरेल. वन्सं म्हणाली, दोनदा नाही सोसत."

त्यांनी वाटीकडे एकदा बघितलं. जवळ गेले नाहीत, लांबूनच बघितलं, मान जरा पुढे काढून. मग वळले आणि दाराशी जाऊन थांबले. बायकांसमोर नको म्हणून आत येताना त्यांनीच दाराला कडी घातली होती. दोन्ही हात त्यांनी अंगापासून दूर धरले होते, बोटं फाकलेली, दुसऱ्या कुणाची वस्तू धरायला दिल्यासारखी.

"दार उघड," ते म्हणाले. "मी कडीला हात लावत नाही."

तिने डोळे पुसले, कोपराने कडी सरकवली, दार ढकललं. ते अंग चोरून, चौकटीला बाही लागणार नाही असे आडवे होऊन बाहेर गेले. पायरी उतरले. पाठ करून उभे राहिले.

"वाटी परत धू," ते तिकडूनच म्हणाले. "आणि मी हाक मारली ना, कितीही मारली, तरी दार उघडू नकोस."

तिने आतून कडी लावली.